तुंगाआत्याची तयारी

"घोडा कुणाला?"

उजाडायच्या आधी अंगणातून खंडोजीरावांचा, म्हणजे घरच्या अप्पांचा, हा आवाज यायचा. भिंतीला ओळीनं उभी असलेली तीन पोरं डोळ्यांतली झोप मुठीनं पुसत एका सुरात ओरडायची, "ज्याला पाय नाहीत त्याला!"

"आणि पाय असलेल्यांनी?"

"चालायचं!"

महाराजांच्या घोडदळात उमेदीची वर्षं घालवलेला माणूस. संस्थान गेलं, घोडे गेले, अंगावरचा कोटही खुंटीवर विरला, पण आवाज काही निवृत्त झाला नाही. पोरांची शाळा सुरू व्हायच्या आधी त्यांची शाळा भरायची. दोराची गाठ बघायची, कंदिलाची वात बघायची, पाण्याची पिशवी उलटी करून बघायची. मोठा गंगाधर, मधली तुंगा आणि आईबापाविना याच घरात वाढलेला पुतण्या जगन्नाथ. तिघं एका ताटात जेवायची, एकाच चादरीत भांडायची.

तो आवाज मिटून आता पुष्कळ वर्षं झाली होती. खंडेनवमीच्या दुपारी मागल्या पडवीत उभ्या असलेल्या तुंगाला मात्र तो अगदी कानाशी आल्यासारखा वाटला. घरामागच्या मोरीच्या ओढ्यातलं पाणी तिनं ओंजळीत घेतलं, उजेडाकडे धरलं.

सकाळपर्यंत ते निवळ होतं. आता लाल झालं होतं.

मैसुरातल्या बन्नीमंटपाच्या पलीकडे केरेच्या, म्हणजे तळ्याच्या, बांधाखाली ही गल्ली वसली होती. आठवडाभर पाऊस हटला नव्हता. बांधातून पाणी पाझरतंय हे सगळ्यांना ठाऊक होतं, दरवर्षी पाझरायचं. पण पाझर निवळ असला तर बांध नुसता घामेजलाय म्हणायचं, आणि लाल झाला तर बांधाची माती आतून सुटायला लागलीय. नागरी संरक्षणाच्या शिबिरात तरुण तुंगाला हे शिकवलं होतं. पाकिस्तानच्या लढाईचे दिवस होते ते. लढाई मैसूरपर्यंत आली नाही, पण तुंगा जे शिकली ते तिनं टाकलं नाही.

ती आत आली. "अण्णा, निघायचं. आत्ता."

गंगाधरराव देवघरासमोर पाटावर बसले होते. नुकताच नैवेद्य झाला होता. "कुठं निघायचं? सणाचं?"

"अग्रहारात, माझ्या शाळेत. उंचावर आहे, किल्ली माझ्याकडं आहे. पाणी लाल झालंय."

"मागल्या वर्षी पण तू असंच म्हणालीस."

"मागल्या वर्षी म्हणाले, पाणी वाढलंय. लाल झालंय म्हणाले नाही." आणि मग तिची नजर देवघरात गेली. "माझी तयारी इथं कुणी आणली?"

सुनेनं, तुळसीनं, आणली होती. सातवा महिना लागलेला, पण हौस मावत नव्हती. या घरची रीत तिला सासूनं सांगितली होती: जे घराला पोसतं आणि जे घराला राखतं, ते सगळं नवमीला पुजायचं. पूर्वी जीन आणि तलवार असायची. आता तुळसीच्या नवऱ्याचा, प्राणेशचा, लॅपटॉप, स्वयंपाकघरातली विळी, व्हॅनच्या किल्ल्या, आणि आत्याची तयारी. घरात तिला नावच ते पडलं होतं. जाडजूड दोर, ट्रकच्या दोन मोठ्या ट्यूब, ताडपत्री, बॅटऱ्या, शिट्टी, मेणात बुडवलेल्या काडेपेट्या, औषधांचा डबा, चुरमुरे नि चटणीपुडीचा डबा. तुळसीनं दोराच्या प्रत्येक गाठीला झेंडूचं फूल खोवलं होतं. ट्यूबांवर हळदीकुंकवाची बोटं उमटली होती. इतकं देखणं दिसत होतं सगळं, की क्षणभर तुंगाचंही काळीज हललं.

"चांगलं सजवलंयस गं," ती तुळसीला म्हणाली आणि दोराला हात घातला.

"तुंगे!" गंगाधररावांचा आवाज चढला. "पुजलेलं हत्यार दशमीची उत्तरपूजा झाल्याशिवाय हलवायचं नाही. अप्पा असते तर त्यांनी हात लावला असता?"

"अप्पा असते तर एव्हाना आपण अग्रहारात पोचलो असतो."

बाहेर रिक्षावरचा भोंगा ओरडत चालला होता. कालपर्यंत तो दसऱ्याचे कार्यक्रम सांगत होता, आज म्हणत होता, "मने खाली माडी, बेगा, बेगा!" घरं सोडा, लवकर. समोरच्या कमलाक्षीनं पोरांना काखेत मारून दार ओढलं. तिचा आवाज आला, "तुंगम्मा, येनु माडोदु?" काय करायचं?

तुंगाकडे सगळी गल्ली विचारायला यायची. घरचे तेवढे सोडून.

*

गंगाधररावांच्या पत्नी सरस्वतीबाई स्वयंपाकघराच्या दारात उभ्या होत्या. हातात अजून पोळीचं पीठ.

नवरा वारल्यावर नणंद पेटी घेऊन परत आली, त्या दिवसापासून या दोघी एका छपराखाली होत्या. भांडण असं कधी झालं नाही. पण भांड्यांची जागा एकीनं ठरवायची नि दुसरीनं गुमान बदलायची, असा संसार चालला होता. आता बाळ येणार होतं. तुंगाची मागली खोली बाळंतिणीला हवी, असं सरस्वतीबाईंनीच नवऱ्याच्या कानावर घातलं. नवऱ्यानं बहिणीच्या कानावर घातलं. तुंगा म्हणाली, "बरं आहे की. शाळेजवळ एक खोली बघून ठेवते. दसरा झाला की जाते." एवढंच. ना डोळ्यांत पाणी, ना आवाजात धार. खोलीत तिची पेटी भरून तयार होती. ते एवढंसं 'बरं आहे की' पंधरवडा झाला तरी सरस्वतीबाईंना विसरता येत नव्हतं.

आता त्या बघत होत्या. नवरा पाटावरून उठत नाही. मुलगा प्राणेश फोनवर कुणाला तरी विचारतोय, बांध खरंच फुटेल का. सून पोटावर हात धरून उभी. आणि तुंगा दोराजवळ थांबलीय, ओढून घेत नाही. या घरात तिनं कधी काही ओढून घेतलंच नव्हतं.

सरस्वतीबाईंनी हात धुतले. पदर खांद्यावरून घेतला. देवघरात येऊन त्यांनी अक्षता उचलल्या.

"काय करतीस?" गंगाधरराव.

"उत्तरपूजा."

"आज? नवमीला? आणि भटजी?"

"घरची सवाष्ण मी आहे. देवीची मला समजूत घालता येते. तुमची घालायला वेळ नाही." त्यांनी दोरावर अक्षता वाहिल्या, ट्यूबांवर वाहिल्या, किल्ल्यांवर वाहिल्या. "आई, पुन्हा ये. आज तुला आमच्याबरोबर बाहेर पडायचंय." आणि दोराचं वेटोळं त्यांनी स्वतःच्या हातानं जागचं हलवलं.

मग ते उचलून नणंदेच्या हातात दिलं. "घ्या वन्सं. फुलं राहू देत तशीच. वेळ नको जायला."

तुंगानं भावजयीकडे एकदा पाहिलं. शिट्टी गळ्यात घातली.

*

व्हॅन गल्लीच्या वरच्या टोकाला, तोंड चढाकडे करून उभी केली. इंजिन चालू. मोरीवरच्या पुलावरून पाणी अजून घोट्याएवढंच वाहत होतं. एक फेरी सुखानं झाली असती. दुसरीचा भरवसा नव्हता.

"सगळे बसा," गंगाधरराव म्हणाले. "पाच जण. मावतो."

"जगन्नाथ?" तुंगा म्हणाली.

ते नाव या घरात कित्येक वर्षं उच्चारलं गेलं नव्हतं. जगन्नाथराव याच गल्लीच्या तळाला, अगदी बांधापाशी राहत. उजवी बाजू लुळी पडून त्यांना दोन वर्षं झाली होती. सोबतीला इंदिराबाई, वजनानं नवऱ्याच्या निम्म्या.

"त्याचे शेजारी आणतील," गंगाधरराव म्हणाले.

"त्याचे शेजारी काल मडिकेरीला गेले. मी सकाळी डबा द्यायला गेले होते."

"तू डबा देतीस?"

"रोज."

प्राणेशनं स्टिअरिंगवरून मान वळवली. "आत्या, ऐक. मला वाईट नको समजू. तुळसीला घेऊन मी खाली पाण्यात व्हॅन नेऊ शकत नाही. अडकली तर?"

"न्यायचीच नाही. तू इथं. तुळसी आत. आम्ही त्याला वर आणतो. मी तीनदा शिट्टी वाजवली की तू निघायचं. आम्ही कुठंही असू, आरशात बघायचं नाही. कळलं?"

"आणि तुम्ही?"

"तिकडून." तिनं घरांमागच्या पायवाटेकडे बोट केलं. मोरी ओलांडली की ती वाट सरळ चढावर जायची. ओलांडायला फक्त दोर हवा होता.

मग ती थांबली. एकटीनं जगन्नाथ उचलला जायचा नव्हता, हे तिलाही कळत होतं. ती भावाकडे बघत राहिली.

गंगाधररावांना ते बघणं सोसेना. जगन्नाथाशी त्यांचं फाटलं होतं ते हिच्यावरूनच. वडिलांच्या बाराव्याला, भरल्या पंगतीत, जगन्नाथ मोठ्यानं म्हणाला होता, "गंगण्णा, बहिणीला घरात घेतलंस, पण पाटावर कधी बसवलीस? बघावं तेव्हा वाढतेय." ते वाक्य खोटं असतं तर गंगाधरराव चार दिवसांत विसरले असते.

पाऊस चष्म्यावरून ओघळत होता. व्हॅनमध्ये एक जागा त्यांची होती. सगळ्यात वयस्कर माणसाची, घरच्या कर्त्याची. त्यांनी त्या जागेकडे पाहिलं आणि अंगणातल्या ओळीतला आपला पोरवयाचा आवाज त्यांना ऐकू आला. तिघांत सगळ्यात मोठ्यानं तेच ओरडायचे.

त्यांनी धोतराचा काचा मारला. "ट्यूब इकडं दे," ते बहिणीला म्हणाले. "तू दोर घे."

"बाबा, तुमचं बीपी!" प्राणेश ओरडला.

"बीपीला पाय आहेत. येईल मागनं."

सरस्वतीबाई हसल्या. भर पावसात, अशा वेळी हसल्या.

*

तळाच्या घरात पाणी गुडघ्याशी आलं होतं. इंदिराबाई दिवाणावर चढून नवऱ्याचं डोकं मांडीवर घेऊन बसल्या होत्या. कोण आलंय ते दिसल्यावर त्यांनी पदर डोळ्यांना लावला. जगन्नाथरावांचं तोंड एका बाजूला वाकडं, बोलणं अर्धं. पण खवचटपणाला पक्षाघात झाला नव्हता.

"मुहूर्त बघून आलास?"

"तू वजन फार वाढवलंयस," गंगाधरराव म्हणाले. ते खाली वाकून ट्यूब दिवाणाच्या फळीखाली सरकवत होते.

"तुझे शिव्याशाप खाऊन."

"तुंगीचा डबा खाऊन! मला आज कळतंय."

तुंगानं दोन ट्यूबांवर फळी बांधली, फळीवर ताडपत्री. झेंडूची फुलं दोरातून सुटून पाण्यावर तरंगायला लागली. गाठ आवळताना तिची बोटं अशी चालली होती, की गंगाधरराव बघत राहिले. हीच गाठ लहानपणी त्यांना कधी जमली नव्हती. अप्पा म्हणायचे, गंगू, तुझी गाठ म्हणजे पाहुण्याचं वचन. आणि पोरीच्या गाठीवरून नुसता अंगठा फिरवून पुढं जायचे. तेवढीच शाबासकी, पण घरभर कळायची.

"आधी इंदिरेला न्या," जगन्नाथराव म्हणाले.

"तिला पाय आहेत," तुंगा म्हणाली. "तू गप्प पड."

फळी तरंगली. पुढं दोर ओढत तुंगा, मागून ढकलत गंगाधरराव, बाजूला नवऱ्याचा लुळा हात धरून इंदिराबाई. दारातून बाहेर, गल्लीत. पाण्यात केळीचे खांब आणि पूजेचे फोडलेले कोहळे वाहत होते.

"गंगण्णा," जगन्नाथराव आभाळाकडे बघत म्हणाले, "बाराव्याला मी जे बोललो…"

"आता नको. पाणी जाईल तोंडात."

"बोलू दे की मला."

"बरोबर बोललास. झालं? आता पडून रहा."

दोराला एकदम ढील आली. तुंगा पुढं थबकली होती. तिनं वळून पाहिलं नाही, पण तिची पाठ क्षणभर ताठ झाली. मग दोर पुन्हा ताणला.

पाणी उथळ झालं तिथं कमलाक्षीचा नवरा आणि आणखी दोघं धावत आले. फळी खांद्यावर गेली. व्हॅनचं मागलं दार उघडंच होतं, सीट पाडून ठेवलेली. तुळसीनं आपली उशी काढून जगन्नाथरावांच्या मानेखाली सरकवली. इंदिराबाई त्यांच्याजवळ दुमडून बसल्या. आता पुढं ड्रायव्हरशेजारी तुळसी, मागं हे दोघं. उरलेल्या कोपऱ्यात कमलाक्षीची दोन पोरं बसली.

सरस्वतीबाई दारापाशी उभ्या होत्या. गुडघे धरलेले. पोरं बसली तो कोपरा खरं तर त्यांचाच होता.

"अम्मा, चढा," तुळसी म्हणाली. "पोरांना मी मांडीवर घेते."

"तुझ्या मांडीवर आहे एक," त्या म्हणाल्या आणि दार ओढून घेतलं. "मी चालते. वन्सं आहेत ना."

तीन शिट्ट्या वाजल्या. व्हॅन पुलावरून पाणी उडवत गेली. प्राणेशनं आरशात बघितलं नाही. नंतर तो म्हणाला, आयुष्यात एवढं कठीण काही केलं नव्हतं.

*

दोराचं एक टोक विजेच्या खांबाला, दुसरं मोरीपलीकडच्या करंजाला. पलीकडे कोण गेलं दोर घेऊन? तुंगाच गेली. फळीखालची सोडवलेली ट्यूब कमरेला बांधून, कमरेएवढ्या लाल पाण्यातून, वयाच्या पंचावन्नाव्या वर्षी. पलीकडून तिनं हात वर केला तेव्हा गल्लीतल्या लोकांनी टाळ्या वाजवल्या नाहीत. सगळ्यांच्या तोंडून एकदम श्वास सुटला, त्याचाच आवाज झाला.

"दोर उजव्या हाताला! एका वेळी दोघं! पाय उचलायचा नाही, सरकवायचा!" वर्गात आवाज लावून तयार झालेला तिचा गळा. म्हातारी माणसं गेली, लेकुरवाळ्या गेल्या, गंगाधरराव गेले. सरस्वतीबाई मागं राहत होत्या. पाणी बघितलं की पाय उचलतच नव्हता. तेव्हा तुंगा परत अलीकडे आली.

"वैनी, माझ्या खांद्याला धरा. खाली बघू नका. काहीतरी म्हणा."

"काय म्हणू?"

"तुम्ही जात्यावर म्हणायच्या ना. मी चोरून ऐकायची."

सरस्वतीबाईंना रडू फुटणार होतं, त्याच्या जागी ओवी फुटली. कधी ऐकलेली नव्हे. पाण्याकडे बघून तिथल्या तिथं सुचलेली.

"तळ्याबाई, तळ्याबाई,
एवढी गं काय घाई,
पोटुशी गं वाट चाले
माझी एक जुईजाई…"

पायांखालची माती सरकत होती. पुढं नणंदेची भिजलेली पाठ होती, अरुंद, हाडं दिसणारी. सरस्वतीबाईंनी दोन्ही हातांनी तिचे खांदे धरले होते आणि तळ्याबाईला विनवत त्या पलीकडे पोचल्या.

चढावर पोचून ते थोडे टेकले असतील नसतील, तेवढ्यात खालून आवाज आला. कुणीतरी जाड कापड टराटरा फाडावं तसा. बांध गेला. खालच्या घरांच्या खिडक्यांपर्यंत लाल पाणी चढताना सगळ्यांनी उभ्यानं पाहिलं. कुणी ओरडलं नाही. कमलाक्षीनं वाकून तुंगाच्या पायांना हात लावला.

"बेड, बेड," तुंगा मागं सरकली. नको, नको. "डोकी मोज. कुणी राहिलं नाही ना?"

कुणी राहिलं नव्हतं.

*

अग्रहारातल्या शाळेत त्या संध्याकाळी सतरंज्या पसरल्या. डॉक्टर येऊन तुळसीला बघून गेले. बाळ पोटात हातपाय झाडत होतं, सगळं ठीक होतं. शेजारच्या घरांतून चित्रान्न आलं, कॉफी आली. फळ्याखाली जगन्नाथराव नि गंगाधरराव शेजारी शेजारी पडले होते आणि लहानपणी कंदिलाची काच कुणी फोडली यावरून त्यांची जुंपली होती. तुंगा कोरडी लुगडी वाटत वर्गावर्गातून फिरत होती.

ती सरस्वतीबाईंजवळ आली तेव्हा त्या भिंतीला टेकून बसल्या होत्या.

"गुडघे?"

"आहेत जागेवर. बसा जरा."

तुंगा बसली. दिवसभरात पहिल्यांदा. पायांवरची लाल माती वाळून भेगाळली होती. "एक बरं झालं वैनी," ती हलकेच म्हणाली. "आपलं घर वरच्या अंगाला आहे. जोत्याला लागलं असेल पाणी, आत नसेल गेलं. दोन दिवसांत तुम्ही परत जाल. मी मात्र आता इथंच राहते. ती खोली इथून चार घरांवर आहे. जायचंच होतं, पुन्हा येजा कशाला?"

ती उठायला लागली. सरस्वतीबाईंनी तिचं मनगट धरलं. घट्ट.

"थांबा. मला बोलायचंय. आज बोलले नाही तर कधीच बोलणार नाही." त्यांनी तिला पुन्हा खाली बसवलं. "पाऊस लागला की मी रात्री उठते. यांना माहीत नाही, कुणालाच माहीत नाही. उठून मी मागलं दार किलकिलं करते आणि तुमच्या खोलीत दिवा आहे का बघते. असतो. तुम्ही काही शिवत, काही बांधत बसलेल्या असता. तो दिसला की मी कूस बदलून झोपते. इतकी वर्षं मी झोपले ती तुमच्या जागरणावर. आणि सकाळी उठून तुम्हांला म्हणायची, वीज किती जाळता."

तुंगानं दुसरा हात त्यांच्या हातावर ठेवला.

"खोली बाळाला हवीच आहे," सरस्वतीबाई म्हणाल्या. "पण तुमच्यासकट. त्याला तुमच्याजवळ निजवायचंय मला. वन्सं, जाऊ नका. तुमच्याशिवाय त्या घरात मला भीती वाटते."